सुदामरावांचा राहुकाळ

नाशकात, इंदिरानगरात, पंचांग सगळ्यात बारकाईनं कोण वाचत असेल तर ते सुदामराव निमसे. आणि देवाधर्माचं सगळ्यात कमी कोण मानत असेल, तर तेही सुदामरावच. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावतात, असं विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याला चहा मिळे, पण चहाबरोबर दीड तासाचं भाषणही मिळे.

त्यांचं म्हणणं असं की, अंधश्रद्धा मोडायची तर ती नेमकी केव्हा पाळली जाते हे ठाऊक हवं. म्हणून पाडव्याच्या आधीच नवं पंचांग घरात यायचं आणि सुदामराव लाल पेन घेऊन बसायचे. लोक शुभ दिवसांभोवती गोल काढतात, हे अमावस्या, ग्रहणं आणि पितृपंधरवड्याभोवती काढत. फरक म्हणाल तर एवढाच, आणि तेवढ्या फरकावर त्यांनी आख्खं आयुष्य काढलं होतं. स्कूटर घेतली ती अमावस्येला. फ्लॅटमध्ये राहायला आले ते पितृपंधरवड्यात. केस कापायचे ते शनिवारीच. एकदा शनिवारी सलून बंद निघालं तर पुढच्या शनिवारपर्यंत मानेवर केस घेऊन हिंडले, पण रविवारी खुर्चीत बसले नाहीत. मांजर आडवं गेलं की लोक थांबतात, सुदामराव मांजर आडवं जाईपर्यंत थांबतात, असं कॉलनीतली पोरं म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं.

या सगळ्यात त्यांचा जीव की प्राण म्हणजे राहुकाळ. रोज दिवसातला दीड तास अशुभ, त्यात नवं काम सुरू करायचं नाही, असं मानणारे मानतात. सुदामरावांच्या घरात नवं काम सुरू करायचं ते त्या दीड तासातच. त्यांची एकुलती एक मुलगी सायली पाढे पाठ करायच्या वयात राहुकाळही पाठ करून बसली होती. सोमवार साडेसात ते नऊ, मंगळवार तीन ते साडेचार, बुधवार बारा ते दीड. न चुकता म्हटलं की वडील लिमलेटची गोळी देत. शाळेतल्या बाईंनी एकदा हे ऐकलं आणि छायाबाईंना कौतुकानं म्हणाल्या, "तुमच्याकडे फार धार्मिक वातावरण आहे हो!" छायाबाई म्हणजे सुदामरावांची बायको. त्या नुसत्या हसल्या. घरी येऊन त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं नाही, शहाण्या होत्या.

छायाबाईंचं आणखी एक सांगायला हवं. पंच्याण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण होतं आणि सायलीच्या वेळचा त्यांना सातवा महिना होता. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरू नये म्हणतात, म्हणून सुदामरावांनी आदल्या दिवशी पंचवटीच्या बाजारातून चांगला मोठा लाल भोपळा आणला. ग्रहण लागल्यावर तो छायाबाईंच्या पुढ्यात ठेवला, शेजारी विळी ठेवली आणि म्हणाले, "चिर."

"अहो, भाजी दुपारी करायची आहे. आत्ता कशाला?"

प्रश्न भाजीचा नव्हता. छायाबाईंनी भोपळा चिरला. फोडी वाकड्यातिकड्या झाल्या, त्या सुदामरावांनी पाहिल्या नाहीत. ते खिडकीत उभे राहून काळ्या काचेतून ग्रहण बघत होते. पुढे सायली ठणठणीत जन्मली आणि तेव्हापासून तो भोपळा सुदामरावांच्या प्रत्येक भाषणात येऊ लागला. त्या सकाळी तुला काय वाटलं, हे मात्र त्यांनी बायकोला कधी विचारलं नाही.

वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर सुदामरावांनी लग्नं लावायला घेतली. भटजीशिवाय, होमाशिवाय. 'विवेकविवाह' असं त्याचं नाव. माइक स्वतःचा, खांद्यावर खादीची शाल, हातात स्वतःच छापलेलं पुस्तक. सप्तपदीच्या जागी सात प्रतिज्ञा. सातच का, असं एका आगाऊ नवरदेवानं विचारलं तेव्हा "आठवी सुचली नाही" म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मंगलाष्टकांच्या जागी त्यांनी रचलेली आठ कडवी. चाल तीच, कारण लोकांना तीच येते. अक्षतांच्या जागी पाकळ्या. दक्षिणा नाही, पण सत्कार म्हणून शाल चालत असे. कपाटात शालींची चळत छताला लागली होती. आणि मुहूर्त तर मुळीच नाही. फक्त दिवस अमावस्येचा असावा, ते नाही जमलं तर वेळ तरी राहुकाळाची असावी. "रविवारी सकाळी पाहुण्यांना बरं पडेल हो," असं मुलीचे वडील काकुळतीला येऊन म्हणाले तरी सुदामराव ढिम्म. रविवारी साडेचार वाजल्याशिवाय ते माइकला हात लावत नसत.

लग्न ठरवताना कुणाची तरी आजी हमखास हात जोडून म्हणायची, "फक्त अंतरपाट तेवढा धरू द्या हो." सुदामराव तिला प्रेमानं सांगत, "आजी, सगळा धर्म या 'फक्त'मधूनच घरात शिरतो." हे वाक्य त्यांना फार आवडे. टाळ्याही पडत.

तर अशा या घरात एका संध्याकाळी सायलीनं सांगितलं की तिचं आणि किशोरचं लग्न ठरलंय. सायली नोकरीला होती त्याच कारखान्यात किशोर मशीन दुरुस्तीच्या विभागात होता; मूळचा पेठकडच्या डोंगरातला. जात वेगळी, सगळंच वेगळं. सुदामरावांना इतका आनंद झाला की त्यांनी उठून तिथल्या तिथे पुस्तक काढलं.

"पप्पा, ते ठेवा," सायली म्हणाली. "आम्ही रजिस्टर करणार आहोत. विवाह अधिकाऱ्यासमोर उभं राहायचं, कायद्यात आहे ते एक वाक्य एकमेकांना म्हणायचं, सह्या करायच्या. झालं."

"ते तर झालंच. तो कागद झाला. मग खरं लग्न आपण हॉलमध्ये..."

"तेच खरं लग्न. हॉल नाही, माइक नाही, प्रतिज्ञा नाहीत."

सुदामरावांना वाटलं, पोरगी गंमत करतेय. पण तिचा चेहरा गमतीचा नव्हता. "प्रतिज्ञांमध्ये देव कुठाय?" त्यांनी विचारलं.

"देव नाही, पण भटजी आहे," सायली म्हणाली. "तुम्ही."

हे त्यांना फार लागलं. दोन दिवस ते जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा मोडत, आमटीकडे बघत म्हणाले, "बरं, फक्त पाच मिनिटं. फक्त शेवटचं कडवं." आणि म्हटल्याबरोबर गप्प झाले, कारण छायाबाई वाढता वाढता हसल्या होत्या. छायाबाईंनीही आदल्या दिवशी "फक्त हळद" मागून बघितली होती आणि नवऱ्याकडून पाऊण तास ऐकून घेतलं होतं. सायलीनं दोघांना एकाच मापानं तोललं. हळद नाही, कडवं नाही.

मग किशोरचे आईवडील, रावजी आणि भागीबाई, बोलणी करायला आले. सुदामरावांनी जय्यत तयारी केली होती. आदिवासी समाज, परंपरांचा पगडा, देवक, भगत, काय काय निघेल आणि त्याला काय काय उत्तर द्यायचं, सगळं कागदावर. रावजी पाणी प्यायले आणि त्यांनी विचारलं, "मंग जेवाया किती माणसं?"

"जेवण नंतर बघू. आधी तुमचा विधीबद्दलचा आग्रह..."

"आमचा काय नाय साहेब. पोरांना पटलं, झालं. जेवण तेवढं बरं करू."

"तुमच्याकडची मंडळी काय म्हणतील?"

भागीबाई पदर सावरत म्हणाल्या, "काय म्हणतील? आमचं लगीन तं किशोर चालाया लागल्यावर झालं. आधी घर केलं. मंग एक साल भात लय चांगला पिकला, तवा मांडव घातला. किशोर मांडवात पळत व्हता."

सुदामरावांनी "छान, छान" असं दोनदा म्हटलं आणि आणखी पाणी मागवलं. माणूस पुरोगामी होता, पण इतक्या पुढे कुणी आधीच जाऊन बसलं असेल याची त्यांना कल्पना नव्हती. शिवाय भांडायला कुणीच नव्हतं. सगळे मुद्दे खिशात तसेच राहिले.

आता उरलं काय, तर साक्षीदार. कायद्यानं तीन लागतात. किशोरचा एक मित्र, सायलीची मैत्रीण योगिनी, आणि तिसरी म्हणून सायलीनं आईला विचारलं. छायाबाईंच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तेवढ्यात सुदामराव म्हणाले, "अगं, मी असताना तिला कशाला त्रास? मी करतो की सही." सायलीनं आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. माणसाचा माइक गेला, कडवं गेलं, एक सही तरी राहू दे, असं तिला वाटलं असावं. "ठीक आहे," ती म्हणाली. त्या एका सहीवर सुदामराव पुन्हा जेवताना बोलू लागले. मुलीच्या लग्नात त्यांना मिळालेली जागा तेवढीच होती आणि ती त्यांना कुठल्याही शालीपेक्षा मोठी वाटत होती.

नोटीस लागली, तीस दिवसांची मुदत सुरू झाली, आणि तारीख ठरली तीस एप्रिल, बुधवार, सकाळी साडेअकरा. पोरांचा हिशोब सरळ होता. एक मेची सुट्टी, शुक्रवारची रजा, पुढे शनिवार-रविवार. कारखान्यात एवढी सलग सुट्टी दिवाळीलाही मिळत नाही. सायलीनं तारीख सांगितली, सुदामरावांनी सवयीनं पंचांग उघडलं आणि त्यांच्या हातातलं लाल पेन खाली पडलं.

तीस एप्रिलला अक्षय तृतीया होती.

साधासुधा मुहूर्त नव्हे. साडेतीन मुहूर्तांपैकी एक! ज्या दिवशी पंचांग न बघताही लग्न लावता येतं, असा वर्षातला नंबरी शुभ दिवस. त्या दिवशी सुदामराव निमसेंच्या मुलीचं लग्न! त्यांच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळातली माणसं तोंडावर काही बोलणार नाहीत, पण मनात म्हणतील, दुसऱ्यांच्या पोरींना अमावस्या आणि स्वतःच्या पोरीला आखाजी.

"तारीख बदला," ते म्हणाले.

"का?"

"त्या दिवशी मुहूर्त आहे."

सायलीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "पप्पा, आपण मुहूर्त मानत नाही ना?"

"नाही मानत! म्हणूनच तर!"

"मग आम्हाला तो असला काय आणि नसला काय, सारखंच."

सुदामरावांनी आवाज चढवला. त्यातूनही काही होईना तेव्हा ते कुणाला न सांगता स्कूटर काढून थेट विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेले. खिडकीत एक बाई बसल्या होत्या. सुदामरावांनी तारीख बदलायची म्हणताच त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काका, त्या दिवशी जागा मिळावी म्हणून लोक आमच्या हातापाया पडतात आणि तुम्हाला नको? पत्रिकेत काही निघालं का?"

"मी पत्रिका मानत नाही. मला अमावस्येची तारीख द्या. नाहीतर राहुकाळातली वेळ."

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "तोडगा सांगितलाय का कुणी? तसं असेल तर त्र्यंबकला एकदा विचारून बघा. पण तारीख अर्जदारच बदलू शकतात हो. मुलीला पाठवा."

मुलीला काय पाठवणार! बाईंनी मात्र काळजीपोटी सायलीला फोन केला की तुमचे वडील फार घाबरलेत, घरात काही शांत वगैरे करायची असेल तर करून घ्या. त्या दिवशी सायली कारखान्यातून घरी आली ती बूटसुद्धा न काढता वडिलांसमोर उभी राहिली.

"पप्पा, एकदाच सांगते. तारखेला हात लावायचा नाही. माझ्या लग्नाला या, सही करा, आमच्याकडे बघा. मला एवढंच पाहिजे. जमेल?"

"जमेल," सुदामराव म्हणाले. "तारखेला हात लावणार नाही."

आणि तो शब्द त्यांनी तंतोतंत पाळला. तारखेला हात लावला नाही. वेळेबद्दल त्यांच्याकडून कुणी काही कबूल करून घेतलं नव्हतं.

बुधवार. बारा ते दीड. लग्न साडेअकराचं. म्हणजे अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं! तिसऱ्या साक्षीदाराशिवाय अधिकारी पुढे जाऊ शकत नाही आणि तिसरा साक्षीदार होते स्वतः सुदामराव. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. दिवस अक्षय तृतीयेचा असेना का, सही राहुकाळातली होईल. मंडळात सांगायला गोष्टही झकास. भोपळ्याच्या शेजारी बसेल अशी.

तीस तारखेला छायाबाई, सायली आणि योगिनी रिक्षानं पुढे गेल्या. सुदामराव म्हणाले, "मी स्कूटरवर येतो, मागोमाग." ते सगळ्यांच्या आधी पोचले. कार्यालयासमोर रस्त्यापलीकडे एक रसवंती होती, तिच्या हिरव्या कापडाखाली बाकावर जाऊन बसले. ऊन असं की डांबर मऊ पडलेलं. रिक्षा आलेली त्यांनी पाहिली. मग पेठच्या गाडीनं येऊन पुढे चालत आलेले रावजी आणि भागीबाई दिसले; रावजींच्या डोक्यावर कोरी टोपी. किशोरनं पांढरा शर्ट घातला होता. सायलीनं निळी साडी, त्यांनीच कधीतरी पैठणहून आणलेली. साडी त्यांनी ओळखली. उठून जावं असं वाटलं. घड्याळात अकरा वीस झाले होते.

"मुहूर्त कितीचा, काका?" रसवंतीवाल्या बाईनं ग्लास पुढे ठेवत विचारलं.

"कसला मुहूर्त?"

"आज सकाळपासून सगळे तेच करत्यात. इथं रस पीत बसायचं अन् घड्याळात टाइम झाला की पळत वर जायचं सही कराया. मघाशी एक नवरदेव अर्धा ग्लास टाकून पळाला."

"आम्ही मुहूर्त मानत नाही," सुदामराव ताठ होऊन म्हणाले.

"मंग बसलाय कशाला?" बाईनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चरकात ऊस घातला.

साडेअकराला पहिला फोन वाजला. सायलीचा. त्यांनी उचलला नाही; बोललो तर आवाजावरून ओळखेल. मेसेज पाठवला, 'द्वारकेला अडकलोय. लग्नाच्या वराती. निघालोच.' द्वारका म्हणजे नाशकातला कायम तुंबलेला चौक; तिथे अडकलोय म्हटलं की कुणी उलट विचारत नाही. पावणेबाराला किशोरचा फोन आला. मग पुन्हा सायलीचा. तो बराच वेळ वाजला. सुदामरावांनी मोबाइल बाकावर पालथा घालून ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मोबाइल नंतर वाजला नाही. त्यांना वाटलं, थांबलेत बिचारे.

बाराला एक मिनिट कमी असताना ते उठले, रुमालानं तोंड पुसलं, पुन्हा थोडा घाम राहू दिला, आणि रस्ता ओलांडून जिना चढले. वर पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते. त्यांनी ते आनंदानं पाहिलं.

"काय ती द्वारकेची गर्दी!" ते मोठ्यानं म्हणाले. "कुठंय, कुठं करायची सही?"

आतून दुसऱ्याच कुणाची नावं पुकारली जात होती. किशोर जमिनीकडे बघत होता. सायली जिन्याशेजारच्या खिडकीपाशी उभी होती.

"झालं, पप्पा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"लग्न."

"असं कसं होईल? तिसरा साक्षीदार..."

"मागं रांग होती. साहेब म्हणाले, साक्षीदार आणा नाहीतर शुक्रवारी या. आईनं सही केली."

सुदामरावांनी छायाबाईंकडे पाहिलं. छायाबाई बाकावर मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या, आणि का कोण जाणे, त्यांना त्या ओळखीच्याच वाटेनात.

"अगं पण मी द्वारकेला..."

सायली नुसती खिडकीपासून बाजूला झाली. खाली रस्ता दिसत होता. रस्त्यापलीकडे हिरवं कापड, त्याखाली बाक, आणि बाकावर त्यांचा अर्धा राहिलेला रसाचा ग्लास. इतका स्पष्ट, की ग्लासावर बसलेल्या माश्याही दिसाव्यात.

"मी इथून हात केला तुम्हाला," सायली म्हणाली. "दोनदा. तुम्ही फोन वाजलेला बघितला आणि पालथा ठेवला. मग घड्याळ बघायला लागलात. तेव्हा कळलं मला." ती थांबली. मग पाढा म्हणावा तसं म्हणाली, "बुधवार, बारा ते दीड. तुम्हीच पाठ करून घेतलं होतं."

सुदामरावांना शेकडो माणसांसमोर बोलायची सवय होती. सात प्रतिज्ञा, आठ कडवी, सगळं तोंडपाठ. त्यातलं एक अक्षर त्यांना आठवलं नाही. रडू येतंय असं वाटलं, पण तेही नीट येईना.

"भटजीसुद्धा मुलीच्या लग्नाला वेळेवर येतो, पप्पा," सायली हळू आवाजात म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. मग किशोरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दोघं जिना उतरू लागले.

भागीबाई मागे राहिल्या होत्या. सुदामरावांची त्यांना दया आली असावी. "पोरगी लय गोड बोलली, साहेब," त्या म्हणाल्या. "किशोरकडं बघून. किशोर तं रडलाच."

"काय बोलली?"

भागीबाईंनी जरा आठवून पाहिलं. "आता मला कसं सांगता येईल तसं? तवाच ऐकाया पाह्यजे व्हतं."

छायाबाई उठल्या. त्यांनी पर्स खांद्याला लावली, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर सवयीनं नीट केली. सुदामरावांना वाटलं, आता ही समजूत घालेल. तीस वर्षं घालत आली होती.

"त्या ग्रहणात भोपळा चिरताना मला फार भीती वाटली होती," छायाबाई म्हणाल्या. "पोटातल्या पोरीचं काही होईल म्हणून नाही. तुम्ही ऐकणारच नाही म्हणून. आज सही करताना अजिबात नाही वाटली." आणि त्या भागीबाईंचा हात धरून जिना उतरल्या.

सुदामराव एकटे खाली आले तेव्हा सगळे पुढे गेले होते. जेवायला जायचं होतं. रावजींनी जेवण चांगलं ठरवलं होतं. पोरांची निळी साडी आणि पांढरा शर्ट उन्हात लांबवर दिसत होते. रस्ता ओलांडताना रसवंतीवाल्या बाईनं त्यांना ओळखलं.

"काय काका," तिनं चरक थांबवून विचारलं, "गाठला का मुहूर्त?"

सुदामराव थांबले. दीड तासाचं उत्तर त्यांच्याकडे कायम तयार असे.

"गाठला," ते म्हणाले, आणि सगळ्यांच्या मागून चालू लागले.